चारी बाजूंनी ओरखडलेला पिस्टन

मिस्त्रींनी मला आडनाव विचारलं नाही. नारायणगावजवळच्या वारूळवाडीत खोली शोधत मी फिरत होते. आधीच्या तीन घरांत नाव सांगितल्यावर आडनाव, आडनाव सांगितल्यावर गाव, आणि गाव सांगितल्यावर ‘खोली तर कालच गेली’ असं ऐकून झालं होतं. चौथं घर त्यांचं. अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ते एका फवारणी पंपाचं इंजिन उघडून बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “इंजिनाचा आवाज चालंल का?”

“चालेल.”

“धूर?”

“चालेल.”

“मी सकाळी मोठ्यांदा बोलतो. येकलाच. त्ये चालंल का?”

मी म्हणाले, तेही चालेल. त्यांनी हातातला स्क्रू ताटलीत ठेवला, पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मग ऱ्हावा. किल्ली काकूकडं हाय.”

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बी.एस्सी., बी.एड. करून इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, ती टिकवायची तर जवळ राहणं भाग होतं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. सकाळची गाडी कधी यायची, कधी यायची नाही. त्यामुळे त्या खोलीचं मोल माझ्यासाठी काय होतं, ते मी कुणाला पुरतं सांगू शकणार नाही. मिस्त्रींना तर कधीच सांगितलं नाही. आभार मानलेले त्यांना खपत नसत. कुणी ‘लई उपकार झाले’ म्हणालं की ते विचारत, “कुठं झाले? दाखवा.”

सकाळी मोठ्यांदा बोलणं म्हणजे काय, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. दाढी करताना ते नारायणगाव स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा म्हणत. जुन्नर, घोडेगाव, मंचर, तळेघर, सगळ्या क्रमाने. त्यांतल्या कित्येक गाड्या बंद होऊन वर्षं लोटली होती. एकदा मी न राहवून म्हटलं, “काका, साडेसातची आता सुटत नाही.” गालावर साबण तसाच ठेवून ते म्हणाले, “माह्यासाठी सुटती. मधी बोलू नका, आता पुन्ना पयल्यापासून.” आणि खरोखर पहिल्यापासून सुरू केलं.

पेपर ते एक दिवस उशिरा वाचत. आजचा पेपर आला की घडी न मोडता कपाटावर ठेवायचा आणि कालचा काढायचा. “एक रात मुरू द्यावा,” असं त्यांचं म्हणणं होतं. चहा कपात न घेता थर्मासच्या झाकणात घेत. का, ते काकूंनाही माहीत नव्हतं. “लग्नात आला तवापास्नं झाकान घिऊनच आलाय,” एवढंच त्या सांगत.

त्यांचं काम छोट्या पेट्रोल इंजिनांचं. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, आणि अधूनमधून एखादी लाकूड कापायची करवत. द्राक्षवाले, टोमॅटोवाले शेतकरी लांबून त्यांच्याकडे येत आणि थोडे घाबरूनच येत. कारण मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी उलटतपासणी घेत.

“काय पायजे त्ये सांगू नका. कसं मेलं त्ये सांगा.”

“कसं म्हंजे? बंद पडलं, मिस्त्री.”

“आरडून पडलं का गपचीप पडलं?”

“आवाज आला थोडा.”

“कसा? काढून दाखवा.”

मग तो बिचारा शेतकरी, चांगला पन्नाशीचा माणूस, अंगणात उभा राहून तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे. “पुन्ना,” म्हणायचे. मी खिडकीत वह्या तपासत असायचे. हसू आवरायला मला तोंडात पदर धरावा लागे. पण तोंडी आवाजावरून त्यांनी सांगितलेलं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही.

नुसता नवीन पिस्टन टाकून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवत. “जुना का मेला ते कळल्याबिगर नवा बसवायचा म्हंजे त्याला बी मराया बसवायचं,” असं सांगत. मेलेले पिस्टन ते टाकूनही देत नसत. शेडच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर ते ओळीने मांडलेले असत, आणि प्रत्येकाखाली खडूने मरणाचं कारण लिहिलेलं असे. ‘फिल्टर फाटका.’ ‘हवा घेत व्हता.’ ‘पानी.’ सगळ्यांत जास्त वेळा ‘तेल न्हाई.’ मालकाचं नाव मात्र कधी लिहीत नसत. तरी आपला पिस्टन ओळखून लोक ओशाळत.

या ‘तेल न्हाई’चा अर्थ सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. असल्या छोट्या इंजिनांत तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच ठरलेल्या मापाने तेल मिसळून द्यावं लागतं. ते दिलं नाही तर पिस्टन सिलिंडरमध्ये कोरडा घासतो, तापून फुगतो आणि अडकून बसतो. मिस्त्रींचं हे मिसळणं बघण्यासारखं असे. जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या मोठ्या सिरिंजने ते तेल मोजत. आधी तेल, मग पेट्रोल, मग डबा हलवायचा, आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोलायचं: “तेल टाकलं. पेट्रोल टाकलं. हलीवलं.” मिसळलेला डबा आणि तेलाची बाटली पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवत. किल्ली कमरेला.

मी वर्गात इंजिन शिकवत होते तेव्हा एकदा त्यांना शाळेत नेलं. ते अर्धा कापलेला सिलिंडर पिशवीत घालून आले. मुलांना त्यांनी पिस्टनवर बोट टेकवायला लावलं आणि सिलिंडरच्या भिंतीवरून सावकाश खालीवर फिरवायला लावलं. “गुळगुळीत लागतंय? ह्ये गुळगुळीत कशानं हाय? तेलाच्या येका पदरानं. त्यो पदर केसापेक्षा बारीक असतो. त्यो गेला की समदं गेलं.” मग पाठ्यपुस्तकातलं चित्र पाहून ते मला सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, ह्या चित्रातलं इंजिन कवाच चालनार न्हाई.” महिनाभर मुलं मला तेच वाक्य ऐकवत होती.

त्यांची स्वतःची एक करवत होती. पेट्रोलवर चालणारी, परदेशी बनावटीची, माझ्याहून जास्त वयाची. तरुणपणी ते एका लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला होते, त्याने धंदा बंद केला तेव्हा ही त्यांनी मोडीत घेतली आणि एकेक भाग जमवत उभी केली. आजच्या करवतींपेक्षा दुप्पट जड. आवाज असा की पलीकडच्या मळ्यातले मोर ओरडत. उभं झाड तिने कापायचं नाही असा त्यांचा नियम होता. पडलेलं झाड असेल तर कुणाच्याही दारात न बोलावता जात. काम झालं की टाकी पूर्ण रिकामी करायची, साखळी पुसायची आणि करवत खुंटीला लावायची.

त्या माघात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचं. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे ते आणि काकू चार दिवसांसाठी गेले. घर माझ्यावर सोपवून गेले.

ऑपरेशनच्याच दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाळवीने पोखरलेली एक सुबाभूळ आपोआप आडवी झाली. मागे कोथिंबिरीने भरलेला एक टेंपो अडकला. टेंपोवाला आंबेगावकडचा, या बाजूला नवखा. कुणीतरी त्याला मिस्त्रींचं घर दाखवलं असणार. तो दारात येऊन उभा राहिला.

“म्याडम, मिस्त्री हायेत का?”

“पुण्याला गेलेत.”

“करवत तरी हाय ना? मला चालवता येती. जुडी मान टाकाय लागली बघा. अजून तासभर उन्हात ऱ्हायली तर उकिरड्यावरच वतावी लागंल.”

करवत खुंटीला होती. टाकी रिकामी. मिसळलेलं पेट्रोल पेटीत, पेटीला कुलूप. मी म्हणाले, “पेट्रोल नाही.”

“ही स्कूटी तुमचीच ना? नळी घालतो, पावशेर काढतो.”

“त्यात तेल मिसळावं लागतं.”

“आवो, दहा मिन्टाचं काम! दहा मिन्टात इंजिन मरतंय व्हय?”

मिस्त्रींना फोन करावा असं मनात आलं. पण ते तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर असणार. मलाही शाळेला उशीर होत होता. ‘तेल न्हाई’ ही अक्षरं रोज डोळ्यांसमोर असलेली, विज्ञान शिकवणारी मी, त्या माणसाला म्हणाले, “बरं, घ्या.”

झाड कापून झालं. अगदी शेवटच्या फांदीला करवतीचा आवाज पिळवटल्यासारखा वर गेला आणि ती एकदम थांबली. टेंपोवाल्याने दोरी ओढून पाहिली, दोरी हलेना. “तापली असंल,” तो म्हणाला. “निवली की व्हईल.” दोन हातांनी नमस्कार करून तो गेला. मी करवत पुसली, खुंटीला लावली आणि शाळेत गेले. टाकीत थोडं पेट्रोल तसंच राहिलं, ते काढायचं मला सुचलं नाही.

मिस्त्री परत आले ते काळा चष्मा लावून. पहिल्या दिवशी सांगेन म्हटलं. त्यांना बरं वाटू दे म्हणून थांबले. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी मला भीती वाटायला लागली. खोली जाईल अशी भीती. मिस्त्री तसे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं; पण तीन घरांतून परत फिरलेल्या माणसाला चौथ्या घरातही दार मिटल्याचा आवाज ऐकू येत राहतो.

दहाएक दिवसांनी शेजारच्या मळ्यात एक फांदी तुटली म्हणून त्यांनी करवत काढली. दोरी ओढली. अडकलेली. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि दोन बोटांत पेट्रोल चोळलं. पुन्हा चोळलं. मग सायलेन्सर काढला, सिलिंडर सोडवला आणि पिस्टन बाहेर घेतला.

“बाई, जरा या हिकडं,” त्यांनी हाक मारली. “माहा डोळा अजून नीट न्हाई. मला सांगा, ओरखडं येका बाजूला हायेत का चारी बाजूंनी?”

मी पिस्टन हातात घेतला. “चारी बाजूंनी,” मी म्हणाले.

“येका बाजूला आसतं तर हवा घेत व्हता आसं म्हनलो आसतो. चारी बाजूंनी म्हंजे कोरडा घासला. तेल न्हाई.” ते खाली बसले. “आन टाकी बी रिकामी केली न्हाई मी. कवा आडकली त्ये बी आठवना. समदं इसरलो.”

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “दुसऱ्या कुणी...”

“दुसरं कोन भरनार? घरात तुमी येकट्या. तुमाला तर समदं म्हाईत हाय.”

मी पिस्टन त्यांच्या हातात परत दिला.

त्या आठवड्यात त्यांनी दुरुस्तीला आलेले पंप एकेक करून परत केले. “डोळ्याचं कारन हाय, दुसरीकडं बघा,” असं लोकांना सांगायचे. चष्मा तर त्यांनी केव्हाच काढून ठेवला होता. मोटरसायकलची किल्ली काकूंकडे दिली. गॅस बंद केल्यावर काकूंना हाक मारून बघायला लावत. आणि फळीवर तो पिस्टन मांडला, त्याखाली लिहिलं होतं: ‘मी. तेल न्हाई.’ त्या फळीवर माणसाचा उल्लेख मी पहिल्यांदाच पाहिला.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. मिस्त्रींचा थोरला भाऊ म्हातारपणी विसरत गेला. नारायणगाव स्टँडवर उभा राहायचा आणि घरची गाडी कुठली ते त्याला आठवायचं नाही. सहा वर्षं मिस्त्री त्याला हाताला धरून घरी आणत होते. “तवापास्नं ह्ये गाड्यांचं पाठांतर,” काकू म्हणाल्या. “रोज सकाळी सवताला तपासतो. आता म्हनतो, माही बी पाळी आली. काल रातच्याला काय जेवलो त्ये बी मला इचारू देत न्हाई, आधी सवताच सांगतो.” त्या डोळ्याला पदर लावून बसल्या. मी त्यांच्यासमोर भाजी निवडत होते. मी मेथीची अख्खी जुडी निवडून संपवली. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

शनिवारी संध्याकाळी मिस्त्री माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत; ते कधीच आत येत नसत.

“बाई, तुमी पोरांच्या परीक्षा घेता. माही येक घ्या.”

“कसली, काका?”

“आठवनीची. ईस प्रश्न काढा. उत्तरं काकूला म्हाईत आसतील आसे. सोपं काढू नका. धाच्या खाली आले तर मी दुकान कायमचं मिटवतो आन हत्यारं इकून टाकतो. आर्धवट डोक्यानं लोकांची इंजिनं मारायची न्हाईत मला.”

रविवारी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शेडमधल्या टेबलाशी बसले. मी वर्गातल्यासारखा कागद दिला. प्रश्न काकूंना विचारून काढले होते. मुलीच्या लग्नात पंगतीला काय संपलं? या घराच्या पायाला दगडाच्या किती खेपा लागल्या? आणि एक मी माझा घातला होता: मी खोली बघायला आले तेव्हा तुम्ही काय करत होता?

ते तासभर लिहीत होते. मध्येच एकदा म्हणाले, “लई वंगाळ प्रश्न काढलाय ह्यो चौदावा.” मी म्हणाले, “परीक्षेत बोलायचं नाही.” तेवढंच आम्ही हसलो.

कागद हातात घेऊन मी तपासायला लागले. ‘मठ्ठा. दुसऱ्या पंगतीला. लाज गेली.’ बरोबर. खेपा बरोबर. माझ्या प्रश्नाला लिहिलं होतं: ‘फवारनी पंप. कार्बोरेटरात कचरा. बाईंच्या हातात निळी पिशवी व्हती, बंद तुटलेला, गाठ मारलेली.’ ती गाठ मी स्वतः विसरले होते. वीसच्या वीस बरोबर होते. आणि कागदाच्या तळाशी, मी न विचारलेला एकविसावा प्रश्न त्यांनी स्वतःच लिहिला होता: ‘करवतीत तेल टाकलं का? न्हाई टाकलं.’

“काका,” मी म्हणाले, “एकविसावा चुकलाय.”

“कसा?”

“तुम्ही पेट्रोल भरलंच नव्हतं. मी भरलं. तुम्ही पुण्याला होता तेव्हा. स्कूटीतलं, तेलाशिवाय.” मग सुबाभूळ, टेंपो, कोथिंबीर, सगळं सांगितलं. मधेच रडू आलं, पण थांबले नाही.

ते ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

“किती मिन्टं चालली?”

“पंधरा असतील.”

“मरताना आवाज कसा आला? ठोकल्यावानी का पिळवटल्यावानी?”

“पिळवटल्यासारखा. वर गेला आणि थांबला.”

“काढून दाखवा.”

मी रडत रडत तो आवाज काढून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मान हलवली. “बरोबर. तसाच येनार.” आणि मग एकदम उठून घराकडे तोंड करून ओरडले, “अगं ए, भाईर ये! मी न्हाई! बाई हायेत! मी इसरलो न्हाई!” काकू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. मिस्त्री त्यांचे पिठाचे हात धरून लहान मुलासारखे सांगत होते, “टाकी मी रिकामीच केली व्हती. मला वाटतच व्हतं रिकामी केली म्हनून!”

आनंद ओसरायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग ते माझ्याकडे वळले. चेहरा बदलला होता.

“आठ दिस, बाई,” ते म्हणाले. “पिस्टनचं काय न्हाई. पन तुमी मला रोज बगत व्हता.”

ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी कपडे पिशवीत भरून ठेवले होते. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर शेडमधल्या टेबलावर स्वच्छ फडकं पसरलेलं आणि त्यावर नवा पिस्टन. दोन दिवस ते पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडले होते. व्हर्नियर खिशात घेऊन, दुकानागणिक मोजत.

“हात धुवा आन बसा,” ते म्हणाले. “तुमीच मारला, तुमीच बसवायचा.”

सिलिंडरच्या आत जुन्या पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. ते काडीला कापूस गुंडाळून, ॲसिडचा थेंब थेंब लावून काढायचं. जिथे चिकटलंय तिथेच लावायचं, फसफसलं की पुसायचं, पुन्हा लावायचं. जरा जास्त झालं तर सिलिंडरच खायला लागतं. मला दोन तास लागले. आतून तो आरशासारखा निघाला, तेव्हा त्यांनी माझं बोट धरून आत फिरवलं. “लागतंय काही?” काही लागत नव्हतं.

मग पिस्टन. डोक्यावर बाण असतो, तो धूर बाहेर पडतो त्या बाजूला ठेवायचा. मी उलटा धरला. ते बघत होते. पिस्टन अडकवायची पिन अर्धी घातल्यावर माझ्याच लक्षात आलं. “उलटा आहे ना?”

“मी वाट बगत व्हतो कवा सांगता त्ये.”

पिन जागेवर धरायला दोन बाजूंना तारेच्या दोन बारीक कड्या असतात. त्या बसवताना शेडमध्ये कुणी शिंकायचंही नाही असा दंडक होता. इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबलेलं. पहिली बसली. दुसरी माझ्या हातून सुटली आणि टिंग करून कुठेतरी उडाली. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

“आत गेली का भाईर?”

“बाहेर. मी पाहिलं, बाहेर गेली.”

“मग काय झालं? दुसरी घ्या.” त्यांनी खिशातून पुडी काढली. पुडीत तशा सहा कड्या होत्या. “मला ठाऊक व्हतं चार तरी उडवनार.”

तीन उडाल्या. शेवटी पिस्टनवरची रिंग बोटांनी दाबून, तेल लावून, सिलिंडर वरून सावकाश खाली आणला. “जबरदस्ती करू नका. आडला तर वर घ्या. कशाला आडलाय त्ये बगा, मंग पुन्ना.” दुसऱ्या खेपेला तो सुळकन खाली बसला. इतकं सुख मला पदवी हातात घेताना झालं नव्हतं.

पेट्रोलही त्यांनी मलाच मिसळायला लावलं. मोठ्याने बोलून. पाचव्या ओढीला करवत सुरू झाली, निळा धूर शेडभर झाला, मोर ओरडले. त्यांनी आवाज कान देऊन ऐकला, मग बंद करून टाकी रिकामी केली. नंतर फळीकडे गेले, ‘मी’ हे अक्षर पुसलं आणि खडू हातात धरून मला विचारलं, “लिवू का?”

“लिहा.”

‘बाई. तेल न्हाई.’ पुढची सहा वर्षं, मी तिथे होते तोवर, प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, कोण ही बाई? मिस्त्री सांगायचे, “लई शिकलेली हाय.” त्याच आठवड्यात परत केलेले पंप घेऊन लोक पुन्हा यायला लागले होते.

पुढे मला जुन्नरला कायम नोकरी लागली, लग्न झालं. दिवाळीला जाणं ठेवलं होतं. यंदा होळीच्या आधी काकूंचा फोन आला. “सवड काढून या.” बाकी काही बोलल्या नाहीत.

गेले. काकू फाटकाशीच थांबल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “आता खरंच इसरतो. सकाळी गाड्या म्हनताना घोडेगावच्या पुढं आडतो. पयल्यापासून म्हनतो, पुन्ना तिथंच आडतो.”

मिस्त्री शेडमध्ये होते. अंगाने निम्मे झालेले. टेबलावर फडकं, फडक्यावर पिस्टन. मी न विचारताच त्यांनी तो माझ्या हातात दिला. चारी बाजूंनी ओरखडलेला, कोरडा. करवत खुंटीखाली उघडी पडली होती.

“बाई,” ते म्हणाले, “मधी तुमी आल्ता का? मी नसताना?”

दिवाळीनंतर मी वारूळवाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. चार महिने झाले होते. काकू दारात उभ्या होत्या. मी कधी आले, कधी नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या अंगठ्याला पिस्टनची काजळी लागली होती, ती ते सदऱ्याला पुसत होते, पुसून झाली तरी पुसत होते.

“आले होते, काका,” मी म्हणाले. “मीच भरलं. तेल टाकायचं राहिलं.”

त्यांनी पिस्टन माझ्या हातातून परत घेतला. थोडा वेळ उजेडाकडे धरून फिरवत राहिले.

“ह्या टायमाला लगीच सांगितलंत,” ते म्हणाले. “बरं झालं.”

आणि काकूंकडे न बघता त्यांनी चहा ठेवायला सांगितलं.